आतली पट्टी

धोंडीबाच्या ऑपरेशनच्या दिवशी मी ड्रमची भोकं बंद ठेवून ड्रम वाफेला लावला.

ज्यांनी ऑपरेशन थिएटर कधी आतून पाहिलं नाही आणि ज्यांनी पाहिलं ते आडवे होऊन पाहिलं, अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांना या वाक्यात काही वावगं दिसणार नाही. माझ्या कामातल्या माणसाला मात्र हे वाचून घाम फुटेल. म्हणून आधी ड्रम म्हणजे काय ते सांगतो.

ड्रम म्हणजे स्टीलचा गोल डबा. घरात लाडू ठेवतो तसला, पण चांगला मोठा. त्यात ऑपरेशनला लागणारे हिरवे कपडे, चादरी, गॉजच्या घड्या भरायच्या. डब्याच्या अंगाला भोकांची रांग असते आणि त्या भोकांवरून सरकणारं एक कडं असतं. भोकं उघडी ठेवायची आणि डबा ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायचा. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या कुकरचा आजोबा. त्यात दाबाखाली वाफ कोंडली जाते, ती भोकांतून डब्यात शिरते, कापडाच्या दोऱ्यादोऱ्याला लागते आणि जंतू मरतात. डबा बाहेर काढला की कडं सरकवून भोकं बंद करायची, म्हणजे बाहेरची धूळ आत जायची नाही. आधी उघडी, नंतर बंद. एवढंच. यात चुकायला काही जागाच नाही, असं मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो.

मी त्या दिवशी आधीच बंद ठेवली. नंतर बंद करायला गेलो तर ती बंदच होती. ते बघून मला वाटलं, वा, आज आपण किती तत्पर आहोत.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. घोळ माझा होता, त्याची पाटी त्यांच्या दारावर नको. कन्नड तालुक्यात, घाटाच्या अलीकडं, एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना, एवढं पुरे. औरंगाबाद तिथून एसटीनं दोन तास. आता ते छत्रपती संभाजीनगर झालं आणि मी स्वतः तिथं मुकुंदवाडीला मुलाकडं राहतो, पण जिभेला जुनी सवय आहे, ती जाता जाईना. कागदावर माझा हुद्दा ‘शस्त्रक्रियागृह सहायक’ होता. गावातले लोक ‘कंपौंडर’ म्हणायचे. सासुरवाडीला मी ‘डाक्टरांच्या बरोबरीनं काम करतो’ अशी बातमी होती. ती मी पसरवली नव्हती, पण खोडलीही नव्हती.

बरीच वर्षं या शस्त्रक्रियागृहात शस्त्रक्रियाच होत नव्हती. सर्जन नव्हता. खोलीत मोडक्या खाटा आणि मच्छरदाण्यांचे गठ्ठे, दाराला कुलूप आणि कुलपाची किल्ली माझ्या खिशात. पगार मिळत होता आणि किल्ली हरवायची नाही एवढंच काम होतं. मला ते झेपत होतं. मग आमच्या गल्लीतल्या शिंप्याचा हर्निया अडकला. पोट फुगलं, ओकाऱ्या सुरू झाल्या. त्याच्या बायकोनं त्याला जीपमध्ये घातलं आणि शहराकडं निघाली. मीच मागचं दार लावलं. शहरात पोचेपर्यंत उशीर झाला होता. तासाभराचं ऑपरेशन होतं ते. त्यानंतर कितीतरी दिवस खिशात हात घातला की किल्ली लागायची आणि मी हात बाहेर काढायचो. याच्यावर जास्त लिहीत नाही.

मग नसरीन मॅडम आल्या. डॉक्टर नसरीन, सर्जन, औरंगाबाद शहरात वाढलेल्या. मराठी स्वच्छ, पण राग आला की दख्खनी सुरू. पहिल्याच दिवशी त्यांनी किल्ली मागितली, दार उघडलं, मच्छरदाण्या बघितल्या आणि म्हणाल्या, “मामा, यां क्या मच्छरों का ऑपरेशन करते क्या?”

मी म्हणालो, “मॅडम, सर्जनच नव्हता.”

“सर्जन मिळतो हो,” त्या म्हणाल्या. “दुनियाभर हीच रड आहे. सर्जन मिळतो, सुरी मिळते. पण स्वच्छ कापड, चालू दिवा आणि भूल देणारा माणूस, हे तिघं एकाच दिवशी एकाच खोलीत येत नाहीत. म्हणून लोकं साध्यासाध्या गोष्टींनी मरतात.”

भूल देणारे डॉक्टर त्यांनी शहरातून दर गुरुवारी यायला राजी केले. दिव्यासाठी जनरेटर आला. स्वच्छ कापडाची जबाबदारी माझ्याकडं आली. तीन कड्यांच्या साखळीत सगळ्यांत कच्ची कडी कोणती, ते वाचकांना आता कळलं असेल.

मॅडमनी भिंतीवर एक यादी लावली. जगभरच्या थिएटरांत अशी यादी वाचतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी ती मराठीत करून घेतली होती. भूल द्यायच्या आधी एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. पेशंटचं नाव काय, गाव काय, ऑपरेशन कोणत्या बाजूचं, कुठलं औषध सोसत नाही का, कपडे निर्जंतुक आहेत का, आतली पट्टी बघितली का.

ही पट्टी म्हणजे कागदाची चिकटपट्टी. तिच्यावर फिक्या रेघा असतात आणि वाफ लागली की त्या काळ्या होतात. एक तुकडा ड्रमच्या बाहेर लावायचा, एक आत कपड्यांच्या मधोमध ठेवायचा. बाहेरची पट्टी माझ्यासारखी, नुसत्या वाफेच्या संगतीनं रंग बदलते. खरं काय ते आतली सांगते.

मी त्या यादीला ‘पोथी’ म्हणायचो. पवार सिस्टर वाचायच्या आणि मी प्रत्येक अध्यायाला ‘व्हय’ म्हणायचो. पवार सिस्टर म्हणजे थिएटरच्या मुख्य नर्स. हसताना त्यांना मी दोनदा बघितलं, दोन्ही वेळा मी पडलो होतो. त्या म्हणायच्या, “जाधव, प्रश्न संपू द्या, मग उत्तर द्या.” मी म्हणायचो, “सिस्टर, उत्तर ठरलेलंच आहे, वेळ कशाला घालवायचा?”

आता धोंडीबा. घाटाच्या अंगाला त्यांची वाडी. जातीचा धनगर, साठीचा, काटक, शे-दीडशे मेंढरांचा मालक. जांघेत लिंबाएवढी गाठ होती, ती वाढत वाढत पेरूएवढी झाली. पटक्याचा एक तुकडा फाडून त्यानं ती घट्ट बांधून ठेवली होती आणि तसाच रोज रानात चालत होता. एका दुपारी ती गाठ बाहेर येऊन अडकली. बायको भागाबाई आणि भाऊ मिळून त्याला दवाखान्यात घेऊन आले. मॅडमनी त्याला डोकं खाली, पाय वर असं निजवलं आणि हळूहळू दाबून गाठ आत बसवली. मग म्हणाल्या, “आबा, आज आत गेली. पुढच्या वेळी जाईलच असं नाही. ऑपरेशन करून घ्या.”

“मेंढरं घेऊन घाट उतरायचाय,” धोंडीबा म्हणाला. “आठ दिसांनी खानदेशात जायचं. आल्यावर बघू.”

“खाली रानात अडकली तर?”

भागाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मला शिंपी आठवला. मी धोंडीबाला बाहेर बाकावर बसवलं आणि माझं तोंड सोडलं. मी म्हणालो, “आबा, आमच्या थिएटरात माशीला आत यायचं असेल तर तिला आधी आंघोळ करावी लागते. कपडे मी स्वतः वाफेला लावतो. माझ्या हातात असताना एक जंतू जिता राहील तर नाव बदलीन.” बरंच काय काय बोललो. शेवटी धोंडीबा म्हणाला, “बरं बाबा, येत्या गुरुवारी घ्या. पण एकदाच येईन. पुन्हा पुन्हा नाय.”

गुरुवारी सकाळी भागाबाई ऑटोक्लेव्हच्या खोलीच्या खिडकीशी उभ्या होत्या. मी आत ड्रम भरत होतो आणि खिडकीतून त्यांना स्वच्छतेवर व्याख्यान देत होतो. “बघा वैनी, एकेक घडी मोजून. बघा, झाकण कसं चोख. बघा, कडं कसं गच्च.” त्या बिचाऱ्या मान डोलवत होत्या. कडं गच्च होतं, यात काही शंका नव्हती.

धोंडीबाला टेबलावर बसवलं. हिरवा झगा घातला, पण पटका काढायला तो तयार होईना. “पटका काढला की माणूस मेला म्हणत्यात,” तो म्हणाला. भूलतज्ज्ञ म्हणाले, “राहू द्या, वरून टोपी घाला.” पटक्यावर हिरवी टोपी बसवल्यावर त्याचं डोकं एवढं झालं की सिस्टरांनाही क्षणभर तिकडंच बघत राहावं लागलं. मग त्यांनी पोथी उघडली.

“नाव?”

“धोंडीबा.”

“कोणत्या बाजूचं ऑपरेशन?”

“जी दुखती त्या.”

“डावी की उजवी?”

“डावी. तुमी बघितली नाय व्हय?”

“आतली पट्टी...”

“व्हय, काळी,” मी म्हणालो.

ड्रम अजून उघडायचा होता. सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं, झाकण उघडलं, चिमट्यानं मधली घडी उचलली आणि पट्टी बाहेर काढली. दुधासारखी पांढरी.

“जाधव,” त्या म्हणाल्या, “तुमच्याकडं काळा असा असतो का?”

मॅडम हात धुऊन, दोन्ही हात वर धरून दारात उभ्या होत्या. माझ्या डोक्यात त्या वेळी जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण या लेखात लाज बाळगून चालणार नाही. मला वाटलं, कपडे तर धुतलेले आहेत. वाफेच्या शेजारी तर होते. मी म्हणालो, “मॅडम, अगदीच पांढरी नाही. गव्हाळ म्हणता येईल.”

मॅडमनी वर धरलेले हात खाली सोडले. सर्जननं धुतलेले हात खाली सोडले म्हणजे काम थांबलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“पेशंटला सांगा, मामा.”

“काय सांगू? मशीन बिघडलं म्हणू का?”

“बिघडलंय का?”

“नाही.”

“फिर?”

मी धोंडीबासमोर गेलो. म्हणालो, “आबा, कपड्यांना वाफ लागलीच नाही. चूक माझी. भोकं उघडायची राहिली. पुन्हा लावावं लागेल.”

धोंडीबानं पूर्ण ऐकून घेतलं. मग टेबलावरून खाली उतरला. “माझं धोतर दे,” म्हणाला. त्याच्या मागोमाग मीही दारापर्यंत गेलो. बाहेर भागाबाई उभ्या होत्या. नवऱ्याला चालत येताना बघून त्यांना आधी आनंदच झाला, इतक्या लवकर झालं म्हणून. मग खरं कळलं. त्या माझ्याकडं वळल्या. “आन सकाळधरनं तोंडाचा पट्टा चालू व्हता की तुमचा! बघा वैनी, बघा वैनी! काय बघितलं मी?”

धोतर कमरेला गुंडाळलं की तो निघाला असता. निघाला असता तर दोन-चार दिवसांनी घाट उतरला असता, आणि खाली कुठल्या रानात ती गाठ पुन्हा अडकली असती ते देव जाणे. मी आत गेलो, तोच ड्रम रिकामा करून उचलला आणि त्याच्यासमोर जमिनीवर ठेवला. कडं सरकवून भोकं दाखवली. बाहेरची काळी पट्टी दाखवली, आतली पांढरी दाखवली.

धोंडीबा उकिडवा बसला. दोन-तीनदा कडं पुढं-मागं केलं. “म्हंजी,” तो म्हणाला, “दार लावून घेतलं आन पाव्हण्याला आत या म्हणला.”

“तसंच.”

तो मॅडमकडं वळला. “डाक्टरीनबाई, आन ह्यो बोललाच नसता तर?”

“पट्टी बोलली असती,” मॅडम म्हणाल्या. “ती बघितल्याशिवाय मी सुरी उचलत नाही.”

“म्हंजी भरोसा ह्याच्यावर नाय. पट्टीवर हाय.”

“हो.”

“पट्टी ह्याच्या वळखीची नाय ना?”

“नाही.”

“मग लावा पुन्हा. पर मी बघणार.”

असा तो हिरव्या झग्यात, पटक्यावर टोपी घालून, ऑटोक्लेव्हसमोर स्टुलावर बसला. भागाबाई खिडकीत सकाळच्याच जागी. भूलतज्ज्ञांनी घड्याळ बघितलं, पुढचं काम फोनवर पुढं ढकललं आणि बाहेर पेपर वाचत बसले. मी ड्रम भरला. कडं उघडलं. धोंडीबानं प्रत्येक भोकात बघितलं. आतली पट्टी ठेवताना म्हणाला, “थांब. माझी खूण कर तिच्यावर. दुसरी पट्टी घुसडशील.” अंगठ्याला शाई लावून त्यानं पट्टीच्या कोपऱ्यावर अंगठा उठवला. नोकरीत एवढी कडक तपासणी माझी कोणी केली नव्हती.

दाब चढला. मी सांगितलं, “आता वीस मिनिटं. मोठा काटा नवावर आहे, तो एकावर आला की झालं.” धोंडीबा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसला, मेंढरांवर नजर ठेवावी तसा.

आता आमची दुसरी अडचण. त्या वर्षांत भारनियमन होतं. एक वाजता वीज जायची. जनरेटर दिव्याला आणि भुलेच्या मशीनला पुरायचा, ऑटोक्लेव्हला नाही. एक वाजायला पंधरा मिनिटं होती, आणि नियमाप्रमाणे पूर्ण वेळ दाब हवा. वीज पाच मिनिटं आधी गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे संध्याकाळ. भूलतज्ज्ञ काही तेवढं थांबणार नव्हते. काटा अकराच्या पुढं सरकला तसा मी उठलो. मनात म्हणालो, अर्धं झालंच आहे, थोडं इकडंतिकडं.

“कुठं?” धोंडीबा म्हणाला.

“नाही, बघतो जरा...”

“बस खाली. काटा अजून बारावर बी नाय.”

मी बसलो. आयुष्यात इतका वेळ मी गप्प कधी बसलो नव्हतो. काटा एकावर आला, वर थोडा सरकलाही, वीज होतीच. त्या दिवशी वीज मंडळ दहा मिनिटं उशिरा जागं झालं आणि मी त्यांच्याविषयी पुन्हा कधी वाईट बोललो नाही. दाब पूर्ण झाला, वाफ सोडली, कपडे वाळेपर्यंत थांबलो, भोकं बंद केली. या वेळी ती बंद करावी लागली. तो कड्याचा आवाज मला अजून आठवतो.

थिएटरात पोथी पुन्हा सुरू. “आतली पट्टी?” सिस्टरांनी विचारलं. मी तोंड मिटून उभा. त्यांनी झाकण उघडलं, पट्टी काढली आणि आधी धोंडीबापुढं धरली. रेघा काळ्याभोर, कोपऱ्यात त्याचा अंगठा.

“व्हय,” धोंडीबा म्हणाला. “आता टोचा.”

कंबरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळं तो पूर्ण वेळ जागा होता. मॅडम काम करत होत्या आणि पडद्याच्या वरच्या बाजूनं आवाज येत होता.

“जाधव काय करतोय?”

“उभे आहेत,” सिस्टर म्हणाल्या.

“कशाला हात लावतोय का?”

“नाही.”

“मंग बरं.”

सगळं नीट झालं. जखम भरली. मेंढरं घेऊन भागाबाई आणि धोंडीबाचा भाऊ घाट उतरले. धोंडीबा वाडीवर मागं राहिला आणि त्याला बोलायला भरपूर वेळ मिळाला. तो कुणाकुणाशी काय बोलला ते मला हळूहळू कळत गेलं. घाटावरच्या वाड्यांमधून माणसं यायला लागली. वर्षानुवर्षं गाठी बांधून हिंडणारी, शहराच्या नावानं घाबरणारी माणसं. आल्या आल्या म्हणायची, “आमाला पट्टी दावा.” एकदा कन्नडचे एक मोठे बागाईतदार आले. दाढसुद्धा शहरात जाऊन काढणारा माणूस. म्हणाले, “आमच्या मेंढक्यानं सांगितलं, इथं करा. फक्त पट्टी बघून घ्या आणि तुमच्याकडचा कोणी जाधव आहे, त्याच्या बोलण्याकडं लक्ष देऊ नका.”

मॅडमनी यादीत एक ओळ वाढवली: पट्टी पेशंटला दाखवली का? जगातल्या दुसऱ्या कुठल्या थिएटरात ती ओळ असेल असं वाटत नाही. मला तिचा अभिमान वाटतो. आपल्यामुळं एखाद्या यादीत भर पडणं, ही थोडीथोडकी गोष्ट नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या हातून एकही चूक झाली नाही, असं लिहायचा मोह होतो, पण पवार सिस्टर हा अंक विकत घेतात.

खंत एकच. एवढं साधं काम होतं, कापडाला वाफ लावायची आणि लागली की नाही ते बघायचं. ते आम्ही किल्ली खिशात ठेवून इतकी वर्षं केलं नाही.

दोनेक वर्षांनी गुरुवारीच भागाबाई एकट्या आल्या. मी थिएटरच्या आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होतो, दार अर्धवट लोटलेलं. त्यांनी सिस्टरांना हळू आवाजात सांगितलं की त्यांचं अंग बाहेर येतं, पहिल्या बाळंतपणापासून. धोंडीबालासुद्धा माहीत नव्हतं. इतकी वर्षं तशाच मेंढरांमागं चालत होत्या. मॅडमनी तपासलं, ऑपरेशननं बरं होईल म्हणाल्या, आणि आज सकाळपासून काही खाल्लं नसेल तर आजही घेता येईल म्हणाल्या.

भागाबाईंनी आधी इकडंतिकडं बघितलं. मला वाटलं, भ्याल्या. बाहेर जाऊन दोन धीराचे शब्द सांगावेत म्हणून मी घडी खाली ठेवली.

“सिस्टरबाई, एक इचारू?” भागाबाई म्हणाल्या. “त्यो जाधव आज हाय का कामावर?”

सिस्टरांनी दाराच्या फटीतून सरळ माझ्याकडं बघितलं.

“नाहीत,” त्या म्हणाल्या. “रजेवर आहेत.”

“मग आजच उरका.”